मामंजींची गाडीची वही



येत्या जानेवारीत आमच्या गाडीला वीस वर्षं पूर्ण होतील. होंडा सिटी, झेडएक्स, चंदेरी रंग. गेल्या दिवाळीत ती विकायची असं ठरलं होतं, गिऱ्हाईकही घरी आलं होतं, आणि तरी आज ती आमच्याच दारात उभी आहे. त्यावरून घरात दोन दिवस अबोला झाला. म्हटलं, हे एकदा लिहूनच टाकावं. गाडी हा पुरुषांचा विषय असं मीही पन्नाशीपर्यंत मानत होते, आणि त्याची किंमत माझ्या सासूबाईंनी मोजली.

गाडी मामंजींनी घेतली २००६ च्या जानेवारीत. फेब्रुवारीत श्रवणबेळगोळला महामस्तकाभिषेक होता, बारा वर्षांनी येणारा. सगळ्या घरानं एकत्र जायचं, एवढ्यासाठी ती घाई. मामंजींचं हळदीचं आडत दुकान. आयुष्यभर चोपड्या लिहिलेला माणूस, तेव्हा गाडीचीही वही घातलीच. लाल कापडी पुठ्ठ्याची, पहिल्या पानावर वर ‘श्री’, खाली गाडीचा नंबर, इंजिन नंबर, आणि मग रकाने: तारीख, किलोमीटर, काय केलं, कुणी केलं, किती लागले. पेट्रोल भरलं तरी नोंद. आम्ही हसायचो. एकदा तर त्यांनी ‘काच पुसण्यास जुने धोतर, खर्च नाही’ असंही लिहिलंय.

मामंजी २०१४ मध्ये गेले. वहीतली शेवटची नोंद त्यांच्या अक्षरात आहे, त्यानंतर चार वर्षं कोरी पानं. गाडी चालतच होती. हे वर्षातून एकदा कोपऱ्यावरच्या गॅरेजात ऑइल बदलून आणायचे आणि आम्हाला वाटायचं, झालं.

याच चार वर्षांत मी एक चूक केली. गाडीच्या रेडिएटरमध्ये पाणी कमी झालं की हे आतून हाक मारायचे, ‘अगं, तांब्याभर पाणी दे.’ आणि मी घरातलं पाणी द्यायची. गाळून, हो! आपल्याकडे गाळल्याशिवाय पाणी कशालाच वापरायचं नाही ही सवय, मग गाडीला तरी न गाळलेलं कसं द्यायचं? दुपदरी छन्न्यातून गाळलेलं बोअरचं पाणी मी चार वर्षं त्या गाडीला पाजलं आणि मनातून स्वतःवर खूशही होते.

पुढचा अभिषेक २०१८ च्या फेब्रुवारीत. सासूबाई तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांच्या. मामंजींच्या मागे त्यांना एकदा जायचंच होतं, आणि त्याच गाडीतून. हुबळी, दावणगेरे ओलांडून गेलो तोवर गाडीनं तक्रार केली नाही. श्रवणबेळगोळ दहा-बारा किलोमीटरवर राहिलं आणि वाहनांची रांग लागली. पुढे सरकायचं, थांबायचं, सरकायचं. ऊन मावळतीकडे कललेलं. आणि तापमानाचा लाल इशारा लागला. ह्यांनी गाडी कडेला घेतली तोवर बोनेटच्या फटीतून वाफ यायला लागली होती.

नंतर मिस्त्रींनी समजावलं ते तुम्हालाही सांगते. गाडी वेगात असते तेव्हा समोरचा वारा रेडिएटरला थंड करतो, म्हणून आत थोडी घाण असली तरी भागून जातं. रांगेत वारा नसतो, सगळा भार पंख्यावर आणि आतून फिरणाऱ्या पाण्यावर. दुखणं जुनंच असतं, रांगेत ते फक्त उघड होतं. गाडी तापली तर लगेच थांबायचं, इंजिन बंद करायचं आणि रेडिएटरचं झाकण अजिबात उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली उकळत असतं, झाकण फिरवताच तोंडावर उसळतं. कुकरची शिट्टी खाली बसल्याशिवाय आपण झाकण काढतो का? तसंच.

एक तास थांबलो. शेजारच्या मळ्यातल्या एका बाईनं घागरभर पाणी दिलं. पुन्हा निघालो, पुन्हा थांबलो. मुक्कामी पोचलो तेव्हा सूर्य मावळून गेला होता. सासूबाई सकाळी दहाला जेवलेल्या. सूर्यास्तानंतर त्यांना पाण्याचा थेंबही चालत नाही. मी तांब्या हातात घेऊन उभी राहिले, सवयीनं, आणि त्यांनी नुसती मान हलवली. ओठ कोरडे पडले होते. काही बोलल्या नाहीत, उलट मलाच म्हणाल्या, ‘तू खाल्लं नाहीस ना अजून?’ त्या रात्री मी जागीच होते. सारखी त्यांच्या श्वासाकडे कान देत.

सांगलीत परत आल्यावर गाडी दुसऱ्या मिस्त्रींकडे नेली. माधवनगर रस्त्यावर त्यांचं छोटं गॅरेज आहे. त्यांनी रेडिएटर सोडवला आणि खालून जे निघालं ते पाणी नव्हतं, काळा चहा होता. आत पांढरा थर, कडक. ‘वहिनी, यात काय घालत होता?’ मी म्हटलं, पाणी, पण गाळून. ते हसले नाहीत, चांगला माणूस. म्हणाले, ‘गाळल्यानं जीव वाचतात, क्षार जात नाहीत.’

गिझरच्या कॉइलवर बसतो तोच थर. आपल्या भागातलं बोअरचं पाणी किती जड आहे ते आपल्यापेक्षा कोण जास्त जाणतं? डाळ शिजत नाही त्यात! गाडीत घालायचं असतं कूलंट. ते थंडाव्यासाठी असं नावावरून वाटतं, पण त्याची आणखी दोन कामं आहेत: उकळबिंदू वर नेणं आणि आतल्या धातूला गंज चढू न देणं. तयार मिळतं, किंवा घट्ट असेल तर बॅटरीसाठी मिळतं ते शुद्ध पाणी मिसळून घालायचं, नळाचं नाही. रेडिएटर नवा बसवला, थर्मोस्टॅट बदलला. घरी येऊन वही काढली. मामंजींनी दर दोन वर्षांनी लिहून ठेवलं होतं, ‘कूलंट पूर्ण बदलले.’ चार वेळा. वाचायला कुणी घेतलं असतं तर तिथेच होतं.

कोऱ्या पानांनंतर पुढची नोंद मग मी केली. आधी पेनाची शाई फुटली, म्हणून पान थोडं घाण आहे.

वही वाचायला लागले तसं एकेक कळत गेलं. एका ठिकाणी मामंजींनी लिहिलंय, ‘प्लग ८ बदलले.’ माझ्याकडच्या मधल्या वर्षांच्या बिलांवर मात्र प्लग चारच. मला वाटलं चार सिलिंडर, चार प्लग, मामंजींचं चुकलं असेल. मामंजींचं हिशेबात चुकलं असेल असं मला वाटावं, हे एक नवलच. मिस्त्रींना विचारलं. या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात, एकूण आठ. चार पुढे, बोनेट उघडताच हाताशी. चार मागे, इंजिन आणि केबिनच्या भिंतीमधल्या चिंचोळ्या जागेत, जिथे हात घालायचा म्हणजे कोपर सोलटतं. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यानं पुढचेच बदलले होते, मागचे मामंजींच्या वेळचेच होते. पाहुणे येणार म्हणून बैठकीची खोली झाडायची आणि कपाटामागचं राहू द्यायचं, त्यातला प्रकार. मागचे चार बदलल्यावर गाडीचं सकाळचं आचके देणं थांबलं. हल्ली मी जुने सुटे भाग परत मागून घेते. मोजून.

मग २०१९ चा पूर. आपल्यातल्या निम्म्या जणींना तो सांगायला नको. ऑगस्टमध्ये कृष्णा गावात शिरली, हे चिरंजीवांकडे पुण्याला अडकलेले. मी आणि सासूबाई शेजाऱ्यांबरोबर विश्रामबागला नात्यात गेलो. गाडी काढायला चालवणारं कुणी नव्हतं. मला तेव्हा चालवता येत नव्हती, हेही इथे कबूल करते. आठवड्यानं परत आलो तर गाडीवर सीटच्या बैठकीपर्यंत चिखलाची रेघ, आत कुबट वास, पायाखालच्या सतरंजीत गाळ.

ह्यांनी आल्या आल्या किल्ली हातात घेतली. सुरू होते का बघू, माणसाला तेच सुचतं. मी आधी मिस्त्रींना फोन लावला होता, ते पलीकडून ओरडलेच, ‘किल्ली फिरवू नका!’ इंजिनाच्या आत पाणी शिरलेलं असेल आणि ते फिरवलं, तर पिस्टन वर येऊन पाण्यावर आपटतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, मग आतला लोखंडी दांडा वाकतो आणि इंजिन कामातून जातं. नुसतं उभं राहिलेलं पाणी एवढं नुकसान करत नाही, जेवढं आपली घाई करते. आधी बॅटरीची तार काढली, मग गाडी ओढून नेली. ऑइल काढलं तर ते ताकासारखं पांढुरकं झालं होतं. ऑइल, गिअरबॉक्सचं ऑइल, ब्रेकचं तेल, सगळं बदललं, चाकांची बेअरिंगं बदलली, सीटा काढून तीन आठवडे वाळवल्या. अडतीस हजार लागले. विमा फक्त सक्तीचा, दुसऱ्याच्या नुकसानीचा घेतलेला होता, ‘एवढ्या जुन्या गाडीला पूर्ण विमा कशाला’ म्हणून. त्यामुळे एक रुपया मिळाला नाही. मी वहीत लिहिलं: ‘पूर. पाणी सीटपर्यंत. इंजिन फिरवले नाही.’ आणि खाली सगळ्या कामांची यादी.

हीच ती नोंद, जिच्यावरून पुढे अबोला झाला.

पुरानंतर मी गाडी शिकले, एकावन्नाव्या वर्षी. तो वेगळा लेख होईल. गाडीची निगा माझ्याकडे आली ती तेव्हापासून पूर्णपणे, आणि त्यात आपल्या घरांतले काही प्रश्न असे निघाले की जे मिस्त्रींनाही नवे होते. उंदीर, उदाहरणार्थ. उभ्या गाडीत उबेला येतात आणि वायरी कुरतडतात. मिस्त्री सहज म्हणाले, औषध ठेवा. ते आमच्याकडे शक्य नाही, त्यांना सांगितलं. मग उपाय शोधले. गाडीशेजारची धान्याची पोती तिथून हलवली, कारण उंदीर गाडीसाठी येत नाहीत, दाण्यासाठी येतात. हवा आत घेणाऱ्या नळीच्या तोंडाला बारीक लोखंडी जाळी बसवून घेतली. रात्री बोनेट थोडं उघडं ठेवलं, उबदार अंधार मिळाला नाही की ते मुक्काम करत नाहीत. दोन पावसाळे झाले, वायर शाबूत आहे.

चातुर्मासात सासूबाई गावाबाहेर जात नाहीत, तेव्हा गाडीही बरीच उभी असते. पूर्वी हे रोज सकाळी पाच मिनिटं जागेवर सुरू करून बंद करायचे. त्यानं उलट नुकसान होतं. सुरू करताना बॅटरी जेवढी खर्च होते तेवढी पाच मिनिटांत भरत नाही आणि इंजिन पुरतं गरमही होत नाही. आता आठवड्यातून एकदा मी मिरजेपर्यंत जाऊन येते. ब्रेकच्या चकत्यांवर चढलेला गंजही त्यानं निघतो.

टायरचं एक सांगते, कारण हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. आमची गाडी वर्षाला सात हजार किलोमीटरसुद्धा चालत नाही, त्यामुळे नक्षी नव्यासारखी दिसते आणि माणूस फसतो. रबर मात्र वयानं कडक होतं, चिरा पडतात. सहा वर्षं झाली की मी नक्षीकडे न बघता बदलायचं ठरवते. ब्रेकचं तेलही तसंच, हवेतला ओलावा ओढतं, पावसाळ्यात मिठाच्या बरणीचं होतं तसं. दोन वर्षांनी बदलायचं, दिसायला चांगलं दिसत असलं तरी. आणि हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच उसाचं. आमची गाडी बनली तेव्हा हे पेट्रोल नव्हतं, म्हणून पेट्रोलच्या रबरी नळ्या मिस्त्रींनी नव्या घातल्या आणि दर सर्व्हिसला त्या बोटानं दाबून बघतात.

तर दिवाळी. चिरंजीव पुण्याहून आले, म्हणाले, ‘आई, पुरे आता.’ त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. या गाडीला एअरबॅग नाहीत. पंधरा वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, पर्यावरण कर वेगळा, आणि केंद्र सरकारनं २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींची नूतनीकरणाची फी पाच हजारांवरून दहा हजार केली. ह्यांनाही पटलं. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढे दिसतंय, चार पैसे हाती येतील. मीही हो म्हटलं.

एक एजंट आले. गाडी फिरवून बघितली, खूश झाले, सव्वा लाखापर्यंत मिळवून देतो म्हणाले. मग हळूच, ‘फक्त पुराचं बोलू नका. एक लाख बेचाळीस हजारांचा मीटर आहे, तोही हवा तर नव्वदवर आणता येतो.’ मीटरला ह्यांनी तिथल्या तिथे नाही म्हटलं. पुराचं मात्र म्हणाले, ‘विचारलं तर सांगू. आपण होऊन कशाला?’

दोन दिवसांनी कुपवाडचं एक तरुण जोडपं आलं, बरोबर तीन वर्षांची मुलगी. पहिलीच गाडी. ती मुलगी मागच्या सीटवर चढून बसली आणि उतरेचना. तो मुलगा नीट बघत होता, पण त्याला काय बघायचं ते माहीत नव्हतं, आणि तो पुराचं विचारणार नव्हता. आत बाजेवर सासूबाई. त्यांना वाटलं मी चहा टाकायला आले आहे. मी नुसतीच ओट्याशी उभी राहिले. त्या म्हणाल्या, ‘वही दिलीस का त्यांना?’ म्हटलं, नाही अजून. ‘मग दे की. गाडीबरोबर वही जाणारच. ह्यांनी ती कशाला लिहिली होती?’

मी वही नेऊन त्याच्या हातात दिली. एजंट माझ्याकडे बघतच राहिले. तो मुलगा पान न् पान वाचत गेला, मध्ये हसलाही, बहुतेक धोतराच्या नोंदीवर. मग पुराच्या पानावर थांबला. बायकोला दाखवलं. तिनं मला विचारलं, ‘काकू, पावसाळ्यात वास येतो का?’ मी म्हटलं, ‘हो. पहिले दोन-चार दिवस येतो. इंजिनाला त्यानंतर काही झालं नाही, पण वास येतो.’ ती बराच वेळ मुलीकडे बघत होती. मग, विचार करून सांगतो म्हणाले आणि गेले. फोन आला नाही. एजंटनी नंतर पंचावन्न हजार सांगितले, तेही उपकार केल्यासारखे.

हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. रागावले होते सत्तर हजारांसाठी, असं मला वाटलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘मलाच सांगायला हवं होतं. तू आईला पुढे केलंस.’ मी पुढे केलं नव्हतं, पण वाद घातला नाही.

मुलाला मी एवढंच कबूल केलं आहे की गाडी यापुढे महामार्गावर लांब न्यायची नाही. कुंभोजच्या बाहुबलीपर्यंत, कोल्हापूरपर्यंत, बास. दवाखाना, मंदिर, बाजार. पंचावन्न हजारांत जे मिळणार होतं त्यातलंच थोडं गाडीला लावलं: पुढच्या चाकांची झिजलेली रबरी बुशं, इंजिनाचे माउंटिंग, मागचे दोन टायर. सोळा हजार चारशे. नवी सुरक्षा नंबरप्लेट आधीच लावून घेतली होती. स्टीअरिंगला चामड्याचं कव्हर फुकट देतो म्हणाले, ते घेतलं नाही, सुती घातलं.

सासूबाईंनी परवा विचारलं, पुढचा अभिषेक कधी? २०३० ला. त्यांनी बोटांवर मोजलं, स्वतःचं वय नाही, गाडीचं. ‘चोवीस होतील तिला,’ म्हणाल्या आणि जपमाळ हातात घेतली.

सोमवारी आरटीओत तपासणीची तारीख मिळाली आहे. पीयूसी झालं, विमा या वेळी पूर्ण घेतला. मागच्या नंबरप्लेटवरचा छोटा दिवा लागत नाही, तेवढा उद्या मिस्त्रींकडून करून घ्यायचा आहे. वहीत लिहून ठेवलाय.